चाकाची आतली बाजू

"मझार किती शे?"

कुठलंही चाक समोर आलं की आबा आधी ते पालथं घालायचे. त्याच्या दोन्ही कडांवर एक लोखंडी पट्टी आडवी ठेवायचे, दुसरी पट्टी मधल्या नटांच्या भोकांपर्यंत उभी सोडायचे आणि चष्मा कपाळावर ढकलून हा प्रश्न विचारायचे. मझार म्हणजे आत, शे म्हणजे आहे. आबा सटाण्याकडचे, बोली अहिराणी. चाक नटांनी जिथं बसतं, तिथपासून त्याची आतली कड गाडीच्या पोटात किती खोल जाते, ते हे माप. गिऱ्हाईक बिचारं चकचकीत बाजू बघायला आलेलं असायचं, आणि आबा त्याला चाकाची पाठ दाखवत बसायचे.

नाशिकला महामार्गावर द्वारका चौकाच्या पुढे पत्र्याच्या दुकानांची जी रांग आहे, तिथं त्यांचं दुकान होतं. तुम्हीही तिथून शंभरदा गेला असाल. बाहेर रिमांची उतरंड, आत एक जॅक, एक लाकडी बाक, आणि खिळ्याला टांगलेला गवंड्याचा ओळंबा. चाकांच्या दुकानात ओळंबा कशाला, असा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला नव्हता. पहिल्या दिवशी मी भांडायला गेले होते.

भांडायला कारण होतं. माझी धाकटी बहीण जेल रोडवरून सायकलने क्लासला चालली होती. शेजारून एक जीप गेली. जीपची चाकं मडगार्डच्या बाहेर वीतभर आलेली, कारण हल्ली तशी फॅशन आहे. जीपवाल्याला वाटलं, अंतर आहे. जीपला अंतर होतं, चाकाला नव्हतं. बहिणीची पोटरी फाटली, तेरा टाके पडले. जीपवाला थांबला नाही. चौकीत आम्हाला विचारलं गेलं की मुलगी सायकल नीट चालवते का!

मग आम्ही चारपाच जणांनी पत्रक काढलं. मजकूर माझा. वर जाड अक्षरात, "रस्ता तुमच्या बापाचा नाही. चाकं आत घ्या!" ते मी दुकानादुकानांतून वाटत सुटले. कुणी हसले, कुणी त्यात वडापाव गुंडाळला. आबांनी मात्र ते लग्नपत्रिकेसारखं दोन्ही बाजूंनी वाचलं.

"कागद चांगला शे," ते म्हणाले. "पण ताई, आत घ्या म्हणजे किती आत?"

"पूर्ण आत!"

"पूर्ण आत घेतलं की टायर ब्रेकच्या पाइपाला घासंल. पाइप कापला की गाडी थांबायची नाय. मग तुम्ही दुसरं पत्रक काढा. चाकं बाहेर घ्या!"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं खोखो हसली. माझे कान तापले. मी म्हणाले, "थट्टा करायला सोपं आहे. टाके तुमच्या पायाला पडले नाहीत."

आबांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. कुणाला पडले?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, मग उठून खिळ्यावरचा ओळंबा काढला.

त्यांची रीत अशी होती. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडायचा. दोरी सरळ खाली लोंबली पाहिजे, टायरने तिला ढकलता कामा नये. झाली बाहेरची बाजू. आत शाडूचे गोळे चिकटवायचे, स्प्रिंगजवळ, पाइपाजवळ, मडगार्डच्या छताला. मग गाडीत चार माणसं बसवायची आणि आबा म्हणायचे, "नाचा!" चार माणसं बसल्या बसल्या उड्या मारायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचं. मग शाडूवर टायरचा ठसा उमटला की नाही ते बघायचं. शेवटी टायर आणि स्प्रिंगमधल्या फटीत स्वतःचं करंगळीशेजारचं बोट घालायचं. बोट मोकळं फिरलं तर चाक पास. चार माणसं कमी पडली तर आबा रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायचे, "ओ भाऊ, दोन मिनटं नाचून जा!" आणि माणसं येऊन नाचून जायची.

तरुणपणी ते मालेगावात यंत्रमाग जुळवायचे. "धोट्याला जागा कमी पडली तर धागा तुटतो," ते म्हणायचे. "जास्त झाली तर धोटा उडून माणसाला लागतो. जागा लागती तितकीच द्यायची. माग काय, चाक काय."

मी दर आठवड्याला तिथं जाऊ लागले. पत्रकं वाटायला म्हणून जायचे आणि गाडीत बसून नाचायला लागायचे.

त्याच सुमाराला शेठची गाडी आली. शेठ म्हणजे द्राक्षांचे एक व्यापारी. गाडी साठेक वर्षांपूर्वीची अमेरिकन, लाल, दोनच दारांची. बोनेट इतकं लांब की गाडी वळली तरी ते थोडा वेळ सरळच जातंय असं वाटावं. शेठ तिला मसल कार म्हणायचे, आबा पैलवान. पैलवानाचे मागचे पाय बारीक, ही शेठची खंत. त्यांना मागे रुंद चाकं हवी होती. आमच्या रस्तासुरक्षेच्या फेरीला पुढे गाडी हवी होती. शेठ म्हणाले, "नवी चाकं बसू द्या, मीच पुढे चालवतो. अख्खं नाशिक बघायला येईल." मी हरखले. आमच्या आधीच्या फेरीला आम्हीच आलो होतो.

आबांनी दोन दिवस शाडू आणि ओळंबा चालवला. निकाल दिला, "आहे त्याच्यापेक्षा एक इंच रुंद. मझार साडेचार. म्हणजे अर्धा इंच आत वाढंल, अर्धा बाहेर. दोन्हीकडं जागा राहती." चाकं पुण्याहून बनवून आणायची होती, ऑर्डर इंग्रजीत लिहायची होती. मी म्हणाले, मी लिहिते. आबांनी विचारलं, "जुनं मोजता येईल ना?" मी पदवीधर बाई. टेप घेतली, जुन्या रिमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लावली. सात इंच. अधिक एक, आठ. लिहून टाकलं.

चाकं फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी आली. काय दिसत होती! शेठने फोटो काढायला सुरुवात केली. आबांनी एक चाक पालथं घातलं, पट्ट्या लावल्या. साडेचार बरोबर होतं. मग त्यांनी चाक उभं केलं, टायर जिथं बसतो तिथं आत टेप लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, आठ कुठून आलं?"

"जुनं सात होतं ना?"

त्यांनी जुनं रिम ओढलं. माझं बोट धरून कडेच्या आतल्या खाचेवर ठेवलं. "टायर कडेवर बसतो का? इथं बसतो. मोजायचं इथून इथं." मी मोजलं. सहा. कडांची जाडी मी रुंदीत धरली होती. म्हणजे चाक सातचं हवं होतं, मी आठचं मागवलं. आतलं माप पक्कं असल्यामुळे तो वाढीव इंच सगळाच्या सगळा बाहेर आला होता.

चाक चढवून आबांनी ओळंबा सोडला. टायरने दोरी बाजूला ढकलली.

"एक इंचाने काय होतं?" शेठ म्हणाले. "उद्याचा एक दिवस तर आहे. ताई, तुम्हीच सांगा यांना."

आणि मी, तुम्हाला खरं सांगते, तोंड उघडलं होतं. फलक तयार होते. वस्तीवस्तीत सांगून झालं होतं. पोरं सायकली घेऊन येणार होती. एकच दिवस, असं मी म्हणणारच होते.

आबा ओळंबा हातात तसाच धरून म्हणाले, "पोरी, बहिणीचा पाय कोणता? डावा का उजवा?"

"उजवा," मी म्हणाले.

चाकामुळे दोरी तिरकी उभी होती, ते तिकडे बघत राहिले.

मी शेठना सांगितलं, चूक माझी आहे. माप मी चुकीचं लिहिलं. गाडी जुन्या बारीक चाकांवर येईल, नाहीतर येणार नाही. शेठ भडकले. "बारीक चाकांवर? पैलवानाला स्लिपर घालून आखाड्यात पाठवता? लोक हसतील मला!" आबा शांतपणे म्हणाले, "हसले तर हसू द्या. हसण्याला टाके पडत नई." जुनी चाकं चढवून शेठ गाडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

फेरी निघाली. पुढे गाडी नव्हती, माझी बहीण सायकलवर होती. द्वारकेच्या पुढे आलो तर आबा दुकानाबाहेर ओळंबा धरून उभे. समोर उभ्या केलेल्या एका जीपवरून त्यांनी तो सोडला. टायरने दोरी ढकलली. पोरं सायकली टाकून बघायला वाकली. "हे बाहेर आलेलं," आबा म्हणाले, "हे कुणाच्या तरी पायाच्या जागेवर चाललंय." जीपवाला चहा टाकून धावत आला आणि भांडायला लागला. आबा त्याला म्हणाले, "भाऊ, भांडा नंतर. मझार किती शे, ते सांगा." त्याने चाकाच्या चकचकीत बाजूकडे बोट दाखवलं. पोरं हसली. तो आधी चिडला, मग गुडघ्यावर बसून आबांबरोबर चाकाखाली बघू लागला. तेवढ्यात मी त्याच्या खिशात पत्रक सरकवलं.

पत्रकाची दुसरी आवृत्ती मी आबांना दाखवून छापली. "चाकं आत घ्या" काढलं. "दोरी लावून बघा, आतून मोजा" टाकलं. खाली लिहिलं की पहिल्या पत्रकात माप सांगायचं राहिलं होतं आणि पुढे एका गाडीचं माप आमच्याच माणसाने चुकवलं. आमच्यातल्या काहींना ते आवडलं नाही. चळवळीने अशी कबुली द्यायची नसते म्हणे. का द्यायची नसते? चाकं मोजायला सांगणाऱ्यांनी स्वतःची टेप लपवायची?

शेठनी सातची चाकं मागवली. या वेळी ऑर्डर आबांनी सांगितली, मी लिहिली, त्यांनी तीनदा वाचून घेतली. पण चाकं यायच्या आत आबा गेले. दुपारी बाकावर बसले होते, तसेच राहिले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ओळंबा त्यांच्या मुलीने मला दिला. तो माझ्या झोळीत असतो, पत्रकांच्या खाली.

गेल्या महिन्यात नाशिक रोडला सिग्नलला ती लाल गाडी उभी दिसली. मागे नवी चाकं, रुंद, भारदस्त. मी रिक्षातून उतरले. शेठनी काच खाली केली, मला ओळखलं आणि कपाळाला हात लावला. "आता काय ताई, इथं रस्त्यात?"

मी मडगार्डवरून ओळंबा सोडला. दोरी सरळ उभी राहिली. मग वाकून आतल्या फटीत बोट घातलं. मागून हॉर्न वाजायला लागले. बोट मोकळं फिरलं.