दिगूचं नाव मी टाकलं नाही

हे बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला जरा सोपं जातंय — तरी जीभ अडखळतेच आहे.

आधी दिगूबद्दल सांगतो. दिगंबर आणि मी वाशिमजवळच्या अनसिंग गावचे, एकाच गल्लीतले. दोघंही पुण्यात प्रोग्रॅमर झालो. पण खरा प्रोग्रॅमर तो. मी अडलो की त्याला फोन लावायचो, तो जेवता जेवता उत्तर सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ते माझं म्हणून खपायचं. माझी पहिली धड नोकरीसुद्धा त्याच्यामुळेच. त्याच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा त्यानं माझं नाव टाकलं होतं.

आमच्या धंद्यातली ही रीत आहे. जागा निघाली की कंपनीतला माणूस आपल्या ओळखीच्याचं नाव कंपनीच्या साइटवर भरतो. मग तो अर्ज ढिगाऱ्यातून वर येतो, निदान कुणीतरी वाचतं. अट एकच — उमेदवारानं आधी स्वतः अर्ज केलेला नसावा. केला, तर नाव टाकून उपयोग नाही.

पन्नाशीच्या तोंडावर दिगूची नोकरी गेली. त्याच्या पगारात दोन पोरं येतात, आणि पोरांच्या हाताशी आता कोड लिहून देणारा एआय आहे. तो अर्ज करत राहिला. मुलाखतीला बोलवायचे, स्क्रीनवर त्याचे पिकलेले केस बघायचे, 'कळवतो' म्हणायचे. आणि मग माझ्या कंपनीत जागा निघाली — बँकेच्या जुन्या सॉफ्टवेअरची, जे त्याला तोंडपाठ होतं. त्याचा लगेच फोन आला. "संजू, तुह्या हातात आहे. माहं नाव तेवढं टाकून दे, बाकी मी पाह्यतो."

मी म्हणालो, टाकतो. वर बजावलंही — तू मात्र स्वतः अर्ज करू नकोस, बाद होईल. माझ्या शब्दावर त्यानं त्याच आठवड्यात नागपूरचं एक कमी पगाराचं काम नाकारलं.

मी नाव टाकलं नाही.

विसरलो? नाही. ते पान उघडलं होतं. त्याचं नाव लिहिलं — आणि पुसलं. आमच्या टीममध्ये केस पिकलेला मी एकटा होतो. एक म्हातारा खपून जातो. दोन झाले की तुलना होते. आणि तुलना झाली असती, तर कोण राहिलं असतं? हे मला कुणी सांगायला नको होतं. तो विचारायचा तेव्हा मी म्हणायचो, प्रोसेस सुरू आहे. जागा एका तिशीच्या पोरानं भरली. दिगूनं पुण्यातलं घर सोडलं आणि अनसिंगला परत गेला.

आता तो वडिलांचं वावर बघतो, आणि वाशिमला एका क्लासमध्ये टायपिंग शिकवतो. दिगू — टायपिंग! गावात मात्र सगळ्यांना सांगतो की संजूनं माझ्यासाठी लय केलं. मी गेलो की वहिनी निघताना मुगवड्यांची पिशवी देतात. त्या आम्ही खातो. बायको म्हणते, अशी चव पुण्यात मिळत नाही.

दिवाळीनंतर माझाही नंबर लागला. लॅपटॉप परत घेतला, कंपनीची साइट माझ्यासाठी बंद झाली. गावी आलो ते 'घरून काम आहे' असं सांगत. तुम्हाला वाटेल, केल्याची फेड झाली. मलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं होतं.

परवा दिगूकडे गेलो. त्याची पल्लवी यंदा इंजिनिअर झाली. माझ्या त्याच कंपनीत नवीन पोरांची भरती आहे आणि तिनं मुद्दाम अर्ज केलेला नाही, काका नाव टाकतील म्हणून. दिगू आत पिशवी आणायला गेला होता. ती मला सोडायला फाटकापर्यंत आली आणि अगदी सहज बोलून गेली.

"बाबा म्हनत होते, काकानं नाव टाकलं की आपल्याले लगेच मेल येते. नाही आली तं समजून जाजो, अन् त्याहिले काही इचारू नोको."

ती मेल. नाव टाकलं की उमेदवाराला आपोआप येते. दिगूनं माझं नाव टाकलं तेव्हा मलाही आली होती. मीच ती त्याला फोनवर वाचून दाखवली होती. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मी 'प्रोसेस सुरू आहे' म्हणायचो आणि तो 'हो' म्हणून ऐकून घ्यायचा. मग त्यानं स्वतः अर्ज का नाही केला? की तो शेवटपर्यंत वाटच पाहत होता — संजू आज टाकेल, उद्या टाकेल?

पल्लवीला एवढंच सांगायचं होतं की माझी नोकरी गेली, तू स्वतः अर्ज कर. तेवढ्यात दिगू मुगवड्या घेऊन बाहेर आला. माझ्याकडे बघून हसला.

मी म्हणालो, टाकतो.

तिला मेल येणार नाही. ती वाट पाहील, आणि बापानं सांगितलंय तसं मला काही विचारणार नाही.