कापसाच्या खोलीतली बोंडी

“तुमच्या फवारणीनं काहीच झालेलं नाही. ही जन्मापासूनच अशी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्यानं आठ दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

सौंसरचा जनावरांचा दवाखाना. बाकावर आमच्या एका बाजूला बकरी होती, दुसऱ्या बाजूला गोऱ्हा. माझ्या मांडीवरच्या टोपलीत मुठीएवढं मांजरीचं पिल्लू.

ते आमच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर सापडलं. चार पावलं टाकायचं, डोलायचं आणि कोलमडायचं. आदल्याच दिवशी ह्यांनी फवारणी केली होती. तीन वर्षांपूर्वी ह्यांना स्वतःलाच औषध बाधलं होतं. आठ दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून उजवा हात जरा थरथरतो, म्हणून चहाही अर्धाच कप मागतात, चारचौघांत सांडायला नको. थरथर दिसली की ह्यांच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. “अवं, हे माह्याच औषधानं झालं,” म्हणाले आणि पिल्लू दुपट्ट्यात गुंडाळून घरी घेऊन आले.

मग औषध धुऊन काढायला आम्ही त्याला तीनदा आंघोळ घातली. गारठ्यानं बिचारं आणखीच कापलं आणि आमचा संशय पक्का झाला. तुम्ही असला शहाणपणा करू नका. आधी दवाखाना गाठा.

आजाराचं नाव सेरेबेलर हायपोप्लेझिया. पिल्लू आईच्या पोटात असतानाच तोल सांभाळणारा छोटा मेंदू पुरता वाढत नाही. बाईंनी पिल्लाच्या पुढ्यात दुधाची बशी ठेवली. बशी जवळ येईल तसं त्याचं डोकं जास्त हलायला लागलं. ह्याला इंटेन्शन ट्रेमर म्हणतात, म्हणजे काही करायला गेलं की वाढणारी थरथर. हे बघताना ह्यांनी आपला उजवा हात हळूच खिशात घातला.

“ह्याला औषध नाही. पण तिला दुखत नाही आणि हे वाढणारही नाही,” बाई म्हणाल्या. “उंचावर चढू देऊ नका. पडेल तिथं मऊ असू द्या. ठेवणार ना हिला?”

ह्यांनी नुसती टोपली उचलली. लोधीखेड्याच्या बसमध्ये मला भलतीच भीती वाटत होती. ह्यांनी तिला आणलं होतं ते अपराधी वाटलं म्हणून. आता तो अपराधच उरला नव्हता. क्षणभर वाटलं, फवारणीनंच झालं असतं तर बरं होतं. अशा विचाराची आजही लाज वाटते.

उतरताना हे म्हणाले, “कापूस घरात हाय तोवर राहू दे तिले. मंग पाहू.”

मधल्या खोलीत वेचणीचा कापूस भरलेला होता, पार खिडकीपर्यंत. तिथं तिला सोडलं. नाव ठेवलं बोंडी. ती धडपडायची, पण पडल्याचा आवाज यायचा नाही. नुसती पांढऱ्यात बुडायची आणि जरा वेळानं भलत्याच जागी कान वर यायचे. दुपारी उन्हाची तिरीप आली की कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि ती त्यांच्यावर पंजा उगारायची. शाळेत शिकवून आले की मीही तिथंच आडवी व्हायचे. अंगाला खाज सुटायची, तरी उठवत नसे. जागी आहे की झोपेत, हेही कळायचं नाही. सगळी खोलीच तिच्याबरोबर डोलते आहे असं वाटायचं. त्या दिवसांनी मला फार सुख दिलं.

संक्रांतीनंतर एका सकाळी कापूस विकायला न्यायची गाडी आली. गाडीबरोबरची पोरं कापूस भरायला लागली. खोलीत एकेक फरशी उघडी पडत गेली आणि मी बोंडीला पदरात घेऊन दारात उभी राहिले. शेवटी कोपऱ्यात एक ढीग उरला.

“तेवढा राहू द्या,” हे म्हणाले.

“काऊन जी काका, गादी भराची हाय का?” एका पोरानं विचारलं.

“हो. हिची.”

माझे डोळे भरून आले. ह्यांनी बोंडीला माझ्याकडून घेतलं, ढिगात ठेवलं आणि शेजारीच मांडी घालून बसले. मी सगळ्यांसाठी चहा आणला.

माझ्या हातातल्या ट्रेमधला आपला अर्धा कप ह्यांनी पाहिला.

“अवं, मले आज पुरा दे,” म्हणाले.

मी कप काठोकाठ भरला. ह्यांनी सगळ्यांदेखत तो उजव्या हातानं उचलला. थोडा चहा बशीत सांडला. बोंडी डोकं हलवत बशीकडे निघाली, आणि हे बशी खाली धरून तिची वाट बघत थांबले.