नवारीचा पट्टा

लोणावळ्याच्या एका छोट्या रुग्णालयात मी सर्जन होतो, तेव्हा घाटातल्या अपघातांचे जखमी आमच्याकडे यायचे. ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगवर आपटलेली, शेजारच्याचा चेहरा काचेत घुसलेला. एकदा परदेशी वैद्यकीय मासिकात वाचलं, की तिकडे माणसाला पट्ट्यानं सीटला बांधतात. मी खुर्चीतून उठलोच! माणूस फेकलाच गेला नाही, तर मला शिवायला उरतं काय?

असा पट्टा इथे कुठे मिळणार? घरच्या पलंगाची जाड सुती नवार सोडवली आणि टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं ती दुहेरी शिवून बक्कल लावलं. भाजे गावचा एक जीपवाला रुग्णालयाच्या फेऱ्या करायचा. त्यानं पट्टा खांद्यावरून कमरेपर्यंत येईल असा जीपला बोल्टांनी आवळला. मी पट्टा बांधून शेजारी बसलो आणि कामशेतजवळ सरळ रस्ता लागताच ओरडलो, "मार ब्रेक!"

बक्कल सुटलं. कपाळावर हे एवढं टेंगूळ!

कारागीर भडकला. "माज्या बकलातून घोडा सुटत न्हाई, तुमी कसं सुटलात?"

पण नवं, जाड बक्कल लावून तो स्वतः रस्त्याकडेला उभा राहिला. पुन्हा ब्रेक. माझा चष्मा उडून काचेवर आपटला, मी मात्र जागच्या जागी! कारागिरानं टोपी हवेत उडवली. जीपवाला म्हणाला, "डाक्टर, मला बी एक बांदा की."

काही महिन्यांनी पवनेच्या वाटेवर म्हैस आडवी आली आणि त्याची जीप झाडावर आदळली. निरोप ऐकून मी शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली. तेवढ्यात हा गडी चालत दारात! सदरा वर करून म्हणाला, "बगा, पट्ट्याचा वळ. बाकी काय न्हाई. म्हशीला बी काय न्हाई."

मी त्याला मिठीच मारली.

पुढे पुण्यात डॉक्टरांच्या सभेत बोलायला मी त्यालाही नेलं. नवार बघून सगळे हसले. मग त्यानं आपली हकिगत सांगितली. सगळ्यात मोठ्यानं हसलेले ज्येष्ठ सर्जन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जीप आणलीय का हो?"

बाहेर जीपपाशी रांग लागली. पुण्यातले नामांकित डॉक्टर एकेक करून बांधून घेत होते आणि आमचा जीपवाला त्यांना दरडावत होता, "घट्ट वढा सायेब, लय ढिला ऱ्हायलाय!"