डबा तोच, चिप दुसरी

शांती नगरात आमच्या वरच्या मजल्यावर जो राहतो, त्याच्याइतका चिकित्सक माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये नसेल. मुलगी बघायला गेला तेव्हा म्हणे त्यांच्या घरातलं वायरिंग तपासून आला, आणि लग्न राहिलंच. कॉम्प्युटरमधली विकतची सिस्टिम म्हणजे त्याला भाड्याचं घर वाटतं. "खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा," म्हणतो. आमचा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला तेव्हा त्याने त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम घातली. लॅपटॉप पळायला लागला, फक्त वायफाय पकडेना. "बाहेरून छोटा अडॅप्टर लावू, भाऊ. पण लिनक्सला चालणारा हवा."

तेव्हा बायको अंथरुणाला खिळली होती. मुलगी परदेशात, तिला सुट्टी मिळेना. बायकोचे डोळे अधू, फोनवर पोरीचा चेहरा म्हणजे नुसता डाग दिसायचा. एकदा मोठ्या पडद्यावर बघायचं, एवढंच तिचं मागणं.

आणि हा दुकानं हिंडत होता. स्वतःचा लॅपटॉप काउंटरवर मांडायचा, अडॅप्टर खोचायचा, लिनक्सला चालेल का ते कळायला आतल्या चिपचा नंबर वाचायचा, नकारार्थी मान हलवायचा. एकदा मी सोबत होतो. दुकानदार वैतागला. "अंकल, सबमें चलता है, डिब्बे पे लिखा है."

"डिब्बा नहीं चलाना है मुझे."

एकदा हवा तोच मिळाला असं वाटलं, तर नाव तेच, डबा तोच, आत चिप बदललेली. तोही परत केला. "बोलता बोलता मध्येच कनेक्शन तोडणारा वहिनींना कसा देऊ?" म्हणाला. तीन आठवडे गेले असे.

बायको बुधवारी गेली. शनिवारी हा दारात उभा, हातात अडॅप्टर. मी ये म्हटलं नाही, दारही लावलं नाही. खोचल्याबरोबर चालला मेला. पडद्यावर पोर आली. म्हणाली, "बाबा, आईचा फोटो दाखवा." माझे हात उठेनात. फोटो त्याने धरला, कॅमेऱ्यासमोर, अर्धा तास तरी. हात बदलला नाही.

जाताना मी म्हटलं, "उशीर केलास."

"हो," म्हणाला.

आता बिल्डिंगमध्ये कुणी कुठला घेऊ विचारलं तर तो सांगतो, "मिळेल तो घ्या, पण आजच घ्या." पूर्वीसारखा भांडत नाही. मला ते बघवत नाही. बायको रोज संध्याकाळी विचारायची, आज तो कुठल्या दुकानात जाऊन आला? मी सांगायचो, आणि तेवढ्यापुरती ती दुखणं विसरून हसायची. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. तोंडाशी येतं, तोवर तो जिना चढून गेलेला असतो.