नारूची विहीर आणि भाऊसाहेबांची फरशी

आमच्या धर्मार्थ दवाखान्याच्या कमिटीची मी सात वर्षं चिटणीस होते. ठराव वहीत राहिले, गमती माझ्या डोक्यात साठल्या. मंदीच्या सालातल्या एवढ्या सांगते.

त्या साली मुंबईच्या गिरण्यांतून माणसं बोटीने घरी परतली नि देणग्या आटल्या. शिलकीत एकच काम होणार होतं: दवाखान्याची नवी पडवी, मलमपट्टीचं सामान, नाहीतर नारू कुठल्या विहिरीतून होतो याचा तपास. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा, हातभर लांब! अध्यक्ष भाऊसाहेबांनी पडवीच धरून ठेवली. तिथे लावायला स्वतःच्या नावाची संगमरवरी फरशी ते आधीच कोरून घेऊन आले होते.

*

विहिरींच्या तपासासाठी डॉक्टरांनी मायक्रोस्कोप मागितला. भाऊसाहेब म्हणाले, "आणि काहीच सापडलं नाही तर?"

"तर ती विहीर प्यायला चांगली, एवढं कळेल."

*

बैठकीत पडवी मागे पडली, पण मलमपट्टी की तपास, यावर मतं समसमान. मी म्हटलं, पट्टी ज्यांना लागते त्यांनाच विचारू. बाहेर मासे विकणारी गोमती काडीला नारू गुंडाळत बसली होती. दोन महिने तिची पाटी बाजारात गेली नव्हती.

ती म्हणाली, "माज्या पायाला चिंध्या पुरतील, वैनी. पन पुढल्या साली माज्या पोरीला व्हईल त्याचा काय? ह्यो येतो कुठून, ता शोधा आदी."

ठराव झाला. दुसऱ्या दिवशी घरोघरची जुनी लुगडी उकळून पट्ट्या तयार!

*

डॉक्टरांनी प्रत्येक विहिरीचं पाणी मागवलं. लखलखीत तांब्यांतून आलं, सगळं निर्मळ! चौकशी केली, तर अब्रू जायला नको म्हणून सगळ्यांनी देवळाच्या विहिरीचंच पाठवलेलं. मग डॉक्टर स्वतःच पोहरा घेऊन फिरले.

*

दोष निघाला भाऊसाहेबांच्या पायऱ्यांच्या विहिरीत. बायका नारूचे पाय घेऊन त्याच पाण्यात उतरायच्या, किड्याची पिल्लं पाण्यात सुटायची नि तेच पाणी घरोघर प्यायला जायचं. भाऊसाहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, तो बराच वेळ हलवला नाही. घरी जाऊन त्यांनी पायऱ्या बुजवायला गडी लावले नि बागेतला रहाट तिथे आणून बसवला.

*

दोन वैशाख गेले. गोमतीच्या घरात नारू नाही, पोरीचे पाय चकचकीत. विहिरीच्या काठावर घागरी ठेवायला आता ती संगमरवरी फरशी होती, नाव वर करून बसवलेली. पोरगी भरलेली घागर घेऊन आली नि कोरलेलं नाव बघून थबकली. भाऊसाहेब तिथेच उभे होते.

गोमती म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या नावावर घागर ठेवू दे ना तिला?"

"ठेव गो. त्याच्यासाठीच कोरून घेतलंय."