वाचनालयातली लग्नाची भांडी

आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. पोलादपूरहून येणाऱ्या एसटीतूनही त्याची पाटी दिसते. दाराचं कुलूप तेवढं एसटीतून दिसत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा वाचनालय म्हणजे देवळातलं एक लोखंडी कपाट होतं. पुढे मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने वर्गणी काढून खोली बांधली आणि महाडहून टेम्पो भरून पुस्तकं आणली. सकाळी पुरुषमाणसं पेपर वाचत बसायची, म्हणून बायांची वेळ दुपारची ठरली. जायची मी एकटीच. बाकीच्या दारातून डोकावून निघून जायच्या. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, एका पुस्तकाला मला पावसाळा लागतो. पण त्या खोलीत मला कुणी काम सांगत नसे. अशी जागा मला घरात नाही आणि माहेरीही नव्हती.

मग गावकीच्या बैठकीत ठरलं की गावाच्या मालकीची लग्नाची भांडी वाचनालयात ठेवायची आणि दाराला कुलूप घालायचं. टोप, पराती, काहिली, सगळं. देवळामागच्या पडवीत उंदीर झाले म्हणे. उंदीर पितळेचे टोप खातात का, हे कुणी विचारलं नाही. गावकीत बाया बसत नाहीत, त्यामुळे मला ते घरी ताट वाढताना कळलं. पुस्तकं गोणीत भरून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकली. माझं अर्धं वाचलेलं पुस्तकही त्यांत गेलं. मी चावी मागायची म्हटलं तर नवरा म्हणाला, "एक पळी जरी कमी भरली ना, तुझंच नाव घेतील."

वर्षातून एकदा पुस्तकं खाली उतरतात. अनुदानाची तपासणी असते, त्या दिवशी. यंदा वाचनालयाचे चिटणीस अंगणात आले. "वैनी, उद्या दहाला या. साडी जरा बरी नेसा. वाचत बसायचंय."

"कुठलं पुस्तक?"

"कुठलंबी घ्या हो! सायब काय परीक्षा घेतोय?"

गेले. भांडी बाहेर, खोलीच्या मागे ताडपत्रीखाली झाकली होती. आत गावातल्या बाया आणून बसवल्या होत्या. शेजारच्या काकींना अक्षर येत नाही. त्यांच्या हातात कोंबडीपालनाचं पुस्तक दिलं होतं.

"आमची कोंबडी खुडूक बसलीय, त्याचं काय लिवलंय का बघ गो," त्या मला म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मी माझं पुस्तक हुडकून काढलं. पानं चिकटली होती, कडेला वाळवी लागली होती. एकेक पान सोडवत वाचायला बसले. साहेब आले, फोटो झाला, पोहे झाले, सही झाली. त्यांची गाडी वळली तशी बाया उठल्या आणि पुरुष टोप आत आणायला लागले. मी उठले नाही.

"वैनी, झालं. सायब गेलं."

"मी वाचतेय."

"मग घरी न्या की! पुढच्या तपासणीला परत आणा. मी काय बोलायचा नाय."

जणू साडीचोळी केली मला. चारचौघांत मी कधी बोलत नाही, बोलले तरी ऐकू जात नाही. त्या दिवशी ऐकू गेलं. "भावोजी, पुस्तक नको मला. दुपारचं दार उघडा."

"एका बाईसाठी?"

"मघाशी सायबाला किती बाया दाखवल्यात?"

दोघे जण मोठा टोप घेऊन माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबले.

काकी म्हणाल्या, "ऊठ गो, उगा लागंल कुठं तरी."

मी खुर्ची भिंतीकडे सरकवली, टोप आत जाऊ दिला आणि पुन्हा बसले. संतापाने अक्षरं लागत नव्हती. तरी पान उलटलं.