आतलं पान

राहुरीच्या पेठेतला तो किराणावाला रद्दीच्या पुड्या बांधायचा, पण चित्राच्या पानात त्यानं कधी जिरं बांधलं नाही. चित्रावर पीठ सांडलं तर हात न लावता हलकेच फुंकर मारायचा.

रंगीत मुखपृष्ठांचे जुने अंक मी जमवतो हे कळल्यावर, बहात्तर साली, त्यानं मला हाक मारली. गुळाच्या ढेपेमागून एक मुखपृष्ठ काढलं. मी कित्येक वर्षं शोधत होतो तोच दिवाळी अंक!

"गुर्जी, तुमच्यासाठी चित्र राखलंय बगा. आतलं समदं पुड्यांना गेलं."

"अहो, अख्खा अंक हवा होता!" मी चिडलोच.

"आसं व्हय? लई चुकलं. आत काय हुतं?"

घरी ट्रंकेत माझे सगळे अंक अख्खे होते. एकाचंही आतलं पान मी वाचलं नव्हतं.